बारावीनंतर बीएस्सी नर्सिंग

 पुण्यातल्या नगर रस्त्यावरच्या वाघोलीत शिक्षणसंस्थांचे फलक पावलोपावली दिसतात. फलक पाहून भुलण्याआधी नर्सिंग प्रवेशाचे नियम पाहावेत.

बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण हवेत. खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. जीवशास्त्र सोडून फक्त गणित घेतलेल्यांची वाट इथेच बंद होते; त्यांना आणि कला-वाणिज्यवाल्यांना तीन वर्षांचा जीएनएम पदविका अभ्यासक्रम खुला आहे.

राज्यातले प्रवेश सीईटी कक्षाच्या स्वतंत्र नर्सिंग परीक्षेतून होतात. त्यात नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात, केवळ पाठांतर पुरत नाही. पुण्यातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) नर्सिंग महाविद्यालयाची तऱ्हा वेगळी. तिथे नीट द्यावी लागते, आणि पदवीनंतर लष्करी परिचर्या सेवेत अधिकारीपद मिळते.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे तास त्यात भरपूर असतात, म्हणून संस्थेचे रुग्णालय कोणते, हे आधी विचारा. शुल्क भरण्यापूर्वी भारतीय परिचर्या परिषद आणि संबंधित विद्यापीठाची मान्यता स्वतः तपासून घ्या.