घड्याळ डोंगराची उंची कशी ओळखते? अन् कुठे फसते?

वरोरा : पेरजागड असो की कळसूबाई, अनेक ट्रेकर्सच्या मनगटावर आता अल्टिमीटर आणि होकायंत्र असलेले घड्याळ दिसते. पण हे घड्याळ उंची थेट मोजत नाही. ते हवेचा दाब मोजते. साधारण ८ ते ९ मीटर चढले की दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. त्यावरून उंचीचा आकडा काढला जातो.

चूक कुठे होते?
दाब जागेवरही बदलतो. आपल्याकडे सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत तो रोज साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे झाडाखाली बसून राहिलात तरी घड्याळ सुमारे ३० मीटर चढाई दाखवेल. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांत बहुधा २० मीटरचे अंतर असते. धुक्यात एवढी चूक चुकीच्या वाटेवर नेऊ शकते.

उपाय काय?
निघताना उंची जुळवा. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. वाटेत नकाशावर उंची दिलेले ठिकाण आले की पुन्हा जुळवा.

होकायंत्राचे काय?
कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांजवळ दिशा चुकू शकते. शिडी आणि मोबाइलपासून दूर उभे राहा, मनगट आडवे धरा, मगच दिशा पाहा.

मुक्कामी रात्रीतून उंची बरीच ‘वाढलेली’ दिसली, तर दाब घसरला आहे. पाऊस-वादळाची शक्यता धरून पुढचा बेत ठरवा.