मशीन तपासणारी मुलगी

‘‘मुलगी एक्स-रे विभागात असते ना? मग राहू द्या,’’ एवढं बोलून पलीकडून फोन ठेवला गेला.

स्थळ मीच सुचवलं होतं. बचत गट, महिला मंडळ यामुळे माझ्या ओळखी बऱ्याच. त्यामुळे नात्यातल्या मुलींची लग्नं जमवायचं खातं आपसूक माझ्याकडेच आलेलं! मुलगी माझ्या नणंदेची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्टच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागली. ‘फिजिसिस्ट म्हणजे फिजिओथेरपी का हो?’ असं मला चौघींनी तरी विचारलंय. खरं सांगायचं तर मीही कितीतरी दिवस तेच समजत होते.

मुलाच्या आईनं कुठूनसं ऐकलं होतं, किरणांजवळ काम करणाऱ्या बायकांना मूल होत नाही. मला राग आला, पण त्या बाईंचा नाही, भाचीचाच. तिला फोन करून म्हटलं, ‘‘सोड ती नोकरी. नाहीतर पुढच्या स्थळाला नुसतं ‘ऑफिसात आहे’ असं सांगू.’’ ती चिडली नाही. म्हणाली, ‘‘मामी, रविवारी ये. बघ आणि मग सांग सोडू का.’’

रविवारी पेशंट कमी, तेव्हा तिला मशिनं मोकळी मिळतात. सकाळच्या एस.टी.नं पोचले. एक्स-रेच्या खोलीच्या दाराशीच माझे पाय अडखळले. ती हसली. ‘‘अगं, ट्यूबलाइट बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? बटण दाबलं तेवढा क्षणच किरण असतात. नंतर काही नाही.’’

तिनं टेबलावर मशीनचा दिवा लावला. उजेडाचा चौकोन पडला. त्याच्या चार कोपऱ्यांत रुपयाची चार नाणी ठेवली, आम्ही काचेमागं गेलो आणि तिनं एक्स-रे काढला. पडद्यावर तीन नाणी पूर्ण, चौथं अर्धंच. म्हणजे दिवा दाखवतो एकीकडे आणि किरण पडतात जरा दुसरीकडे. छातीचा फोटो काढताना पोटावर उगीच किरण पडायचे! तिनं वहीत नोंद केली, सरांना फोन लावला, इंजिनीअरला बोलवायचं ठरलं.

मग शिसं घातलेले ॲप्रन. कुणीतरी एक घडी करून खुर्चीवर टाकला होता, त्यावरून तिची चिडचिड झाली. ते हँगरलाच टांगायचे असतात. का, ते त्या ॲप्रनचाच एक्स-रे काढल्यावर कळलं. घडीवर बारीक रेघ, चिरलेली! पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की विरते, अगदी तसंच. वरून मात्र काही दिसत नव्हतं.

पण मला खरं थांबवलं ते मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या तपासणीच्या मशीननं. तिथं तिनं हातात मावेल असा एक ठोकळा ठेवला. बाईच्या स्तनाऐवजी तो. त्याच्या आत बारीक धागे, कणांसारखे ठिपके आणि छोट्या गाठी मुद्दाम बसवलेल्या. फोटो काढून ती मोजायला बसली. किमान चार धागे, तीन ठिकाणचे ठिपके आणि तीन गाठी दिसल्याच पाहिजेत. मलाही मोजायला लावलं. मला दोनच धागे दिसले, चष्मा पुसून पाहिल्यावर चार! ‘‘आज एखादा कमी दिसला असता, तर उद्या येणाऱ्या बाईची छोटी गाठही दिसली नसती,’’ ती म्हणाली. ती बाई कोण, हिला माहीत नाही. त्या बाईलाही ही माहीत नसणार.

जेवताना तिनं फाइल उघडली. कामावर असताना छातीशी बॅज लावायचा, घरी न्यायचा नाही. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. तिचे सात रिपोर्ट होते, सातही शून्य. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमानं अशा कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा. आपल्याला घरबसल्या माती-भिंती-आकाशातून दोन-अडीच मिळतातच. छातीचा एक एक्स-रे म्हणजे साधारण ०.०२. पोटाचा सीटी स्कॅन मात्र सात-आठपर्यंत जातो, म्हणून तो गरजेशिवाय करू नये. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

‘‘आणि दिवस गेले तर?’’ मी विचारलंच.

‘‘लगेच सांगायचं. मग पोटातल्या बाळाला उरलेल्या महिन्यांत एक मिलिसिव्हर्टच्या वर मिळू नये, असं काम देतात. नोकरी सोडावी लागत नाही. मामी, पाळी चुकली असेल तर एक्स-रेआधी पेशंटनंही सांगायचं असतं. तुझ्या मंडळात हे सांग.’’

तिला पुढं एम.एस्सी. करायचंय, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. नोकरी सोड म्हणण्याचं धाडस मला पुन्हा झालं नाही.

घरी आल्यावर मुलाच्या आईंना फोन करून सगळं सांगितलं. स्थळाला नकार तो नकारच राहिला, मीही ताणलं नाही. फोन ठेवता ठेवता त्या हळूच म्हणाल्या, ‘‘ती स्तनांची तपासणी असते ना... फार दुखतं का हो?’’

‘‘दाबतात, थोडं दुखतं, पण काही सेकंदच,’’ मी म्हटलं. आणि भाचीला विचारून पुन्हा फोन करते म्हणाले.