स्वमग्न मुलास वैमानिक होतां येईल काय ?

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या परिसरांत नरसी नामदेव हें गांव आहे. परंपरेप्रमाणें संत नामदेवांचें हें जन्मस्थान. नामदेवांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत समाविष्ट झालेलीं आहेत, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांपैकीं रामकली रागांतील एका पदांत पतंग उडविणाऱ्या मुलाचा दृष्टान्त आहे. मुलगा सोबत्यांशीं बोलत असतो, पण त्याचें सारें चित्त दोरीवर असतें. ईश्वराच्या ठायीं मन कसें असावें हें सांगण्यासाठीं तो दृष्टान्त योजिलेला आहे. आम्ही येथें त्याचा उपयोग एका ऐहिक प्रश्नासाठीं करणार आहों. कारण आकाशांत चित्त गुंतलेल्या एका मुलाचीच गोष्ट आम्हांस वाचकांपुढें मांडावयाची आहे.

समजा, ह्याच नरसी गांवांत आज तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आहे. तो फारसा बोलत नाहीं, आणि बोललाच तर विमानांविषयीं बोलतो. पंखांच्या आकारावरून विमानाची जात तो ओळखतो. लग्नांतील वाजंत्री सुरू झाली कीं दोन्ही हात कानांवर ठेवतो. जेवणाचें ताट नेहमींच्या जागीं नसलें तर रडकुंडीस येतो. परंतु संगणकापुढें बसला कीं तासन् तास शांत असतो. तेथें तो नांदेडच्या विमानतळावरून विमान उचलतो, मुंबईस नेतो, आणि योग्य वेळीं चाकें खालीं सोडून तें धांवपट्टीवर उतरवितो. एके दिवशीं तो विचारतो, “बाबा, मी वैमानिक होईन ना ?” वडील आईकडे पाहतात, दोघांसही उत्तर सुचत नाहीं.

हा मुलगा कल्पित आहे. पण असलीं मुलें आणि असले आईबाप कल्पित नाहींत. ‘हो’ म्हणावें तर खोटी आशा लावल्यासारखें होतें. ‘नाहीं’ म्हणावें तर मुलाचा एकुलता एक आनंद हिरावून घेतल्यासारखें होतें. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं वस्तुस्थिति काय आहे, हें नीट समजून घेणें बरें.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय, तें पाहूं. इंग्रजींत हिला ऑटिझम म्हणतात. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हें नांव बनविलेलें आहे. इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील हान्स अ‍ॅस्पर्गर यांनींही अशाच प्रकारच्या मुलांविषयीं लिहिलें. स्वमग्नता हा स्पर्शानें होणारा रोग नव्हे, आणि वेडही नव्हे. मेंदूची वाढच जन्मापासून निराळ्या रीतीनें होते. त्यामुळें दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणें, बोलण्यांतील आडवळण समजणें, गर्दी व गोंगाट सोसणें हें अशा मुलांस अवघड जातें. उलट ठराविक क्रम, एकच आवडीचा विषय आणि बारीक तपशील यांत त्यांचें मन रमतें. सर्व स्वमग्न मुलें सारखीं नसतात. कांहींस जन्मभर बोलतां येत नाहीं. कांहीं विश्वविद्यालयाच्या पदव्या घेतात.

ह्या बाबतींत आयांवर पूर्वीं मोठा अन्याय झाला. आईच्या मायेंत उणीव राहिली म्हणून मूल असें झालें, हें मत कित्येक वर्षें विद्वानांतही प्रचलित होतें. तें पुढें साफ खोटें ठरलें. तसेंच, लस टोंचल्यामुळें स्वमग्नता येते असें सुचविणारा एक निबंध इंग्लंडांतील नामांकित वैद्यकीय पत्रांत १९९८ सालीं छापला गेला. तोही सदोष ठरून २०१० सालीं त्या पत्रानें मागें घेतला. आनुवंशिकता हें स्वमग्नतेचें प्रमुख कारण मानलें जातें. तेव्हां आईबापांनीं स्वतःस दोष देऊं नये, आणि दृष्ट लागली म्हणून गंडेदोरे बांधण्यांत मुलाचीं मोलाचीं वर्षें घालवूं नयेत.

आतां संगणकावरील त्या उड्डाणाकडे वळूं. पुष्कळ पालकांस तो निव्वळ खेळ वाटतो. पण त्याचें कुळ मोठें आहे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाचा तरुण राहत असे. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनांत भात्यांनीं हवा भरतात, हें आपणांस ठाऊक आहेच. लिंक यानें १९२९ सालीं तेच भाते एका लहानशा लांकडी विमानाखालीं बसविले. आंत बसलेल्या मनुष्यानें दांडा हलविला कीं भात्यांतील हवा कमीजास्त होई आणि तें बैठें विमान खऱ्यासारखें कलत असे. आरंभीं लोकांनीं त्यास जत्रेंतील खेळणें मानलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचें काम आलें, तेव्हां वाईट हवेंत उडण्याचा सराव नसल्यामुळें कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. मग सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत तर लाखों विमानी शिपाई ह्याच यंत्रांत बसून शिकले.

पुढें भात्यांची जागा संगणकानें घेतली. १९७९ सालीं ब्रूस आर्टविक यांनीं घरगुती संगणकासाठीं ‘फ्लाइट सिम्युलेटर’ तयार केला, आणि १९८२ सालीं तो मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या नांवानें बाजारांत आला. त्याच्या २०२० च्या आवृत्तींत उपग्रहांनीं व विमानांनीं घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारें सारी पृथ्वी दाखविलेली आहे. म्हणून मराठवाड्यांतील मुलास आपल्याच शिवारावरून उडतां येतें. विमान कंपन्यांचे वैमानिक आजही नव्या जातीचें विमान हातीं घेण्यापूर्वीं मोठ्या सिम्युलेटरांत बसून तें शिकतात, आणि यंत्र बंद पडणें, आग लागणें यांसारख्या संकटांचा सराव तेथेंच करतात.

मग घरचा सिम्युलेटर शिकवितो काय, आणि शिकवीत नाहीं काय ? उंची, वेग व दिशा दाखविणारीं उपकरणें वाचणें, नकाशा पाहणें, वाऱ्याचा हिशेब करणें, उतरण्याचा क्रम पाळणें हें तो शिकवितो. परंतु खऱ्या विमानाचा हादरा, इंजिनाचा आवाज, कानांत दाटणारी हवा, पोटांत उठणारी कालवाकालव हीं तो देऊं शकत नाहीं. खेळांत चूक झाली तर कळ दाबून पुन्हां आरंभ करतां येतो. आकाशांत ती सोय नाहीं. घरच्या संगणकावर हजार तास घालविले तरी परवान्याच्या हिशेबांत त्यांतील एकही तास धरीत नाहींत, हेंही मुलास आधींच सांगून ठेवावें.

आतां मुख्य प्रश्न. स्वमग्न मुलाचा स्वभाव वैमानिकाच्या धंद्यास साधक कीं बाधक ? आमच्या मतें तो दोन्ही आहे, आणि दोहोंस इतिहासांत एकेक उदाहरण सांपडतें.

पहिलें उदाहरण १९३५ सालचें. त्या वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील डेटन येथें बोईंग कंपनीचें एक नवें प्रचंड विमान तपासणीच्या उड्डाणांत कोसळलें. यंत्रांत बिघाड नव्हता. विमान जमिनीवर असतां वाऱ्यानें शेपटीकडील पडदे हलूं नयेत म्हणून एक अडसर घालीत. तो काढावयाचा राहून गेला होता. चालविणारे अनुभवी होते, पण कामें इतकीं वाढलेलीं कीं स्मरणशक्ति अपुरी पडली. तेव्हांपासून उड्डाणापूर्वीं कामांची यादी वाचून एकेक बाब तपासण्याची रीत रूढ झाली. अशी यादी शंभराव्या दिवशींही पहिल्या दिवसाइतक्याच काटेकोरपणें पाळणें सामान्य मनुष्यास कंटाळवाणें वाटतें. ज्यास ताटाची जागासुद्धां बदललेली खपत नाहीं, त्यास मात्र हा क्रम मनापासून आवडेल. स्वमग्न मनुष्याच्या निरीक्षणाची शक्ति किती मोठी असूं शकते हें लंडनच्या स्टीफन विल्टशायर या स्वमग्न चित्रकारानें जगास दाखविलें आहे. २००५ सालीं त्यानें हेलिकॉप्टरमधून टोकियो शहर थोडा वेळ पाहिलें, आणि मग त्याचें विस्तीर्ण चित्र केवळ स्मरणानें रेखाटलें. प्रत्येक स्वमग्न मुलांत अशी शक्ति असते असें मात्र कोणीं समजूं नये.

दुसरें उदाहरण १९७७ सालचें. २७ मार्च रोजीं टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यांत दोन मोठीं विमानें धांवपट्टीवर एकमेकांवर आदळलीं, आणि ५८३ माणसें मेलीं. त्यांतही यंत्रांचा दोष नव्हता. बिनतारी यंत्रावरील बोलण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि एका विमानांतील सहकाऱ्यानें काढलेली शंका त्याच्या मुख्य वैमानिकानें मनावर घेतली नाहीं. त्यानंतर परस्परांशीं कसें बोलावें आणि कसें ऐकावें, हा वैमानिकांच्या शिक्षणाचा आवश्यक भाग झाला. बिनतारी संभाषणाचे शब्द ठरलेले असतात, आणि ठरलेले शब्द स्वमग्न मुलास सोयीचेच आहेत. परंतु संकटाच्या क्षणीं शेजाऱ्याचा चेहरा पाहून त्याची भीति ओळखणें, एकदम बेत बदलणें, चार आवाजांतून कामाचा आवाज निवडणें, हें त्यास कठीण जाईल. येथेंच त्याची खरी परीक्षा आहे.

कायद्याच्या बाजूनें पाहतां, आपल्या देशांत शिकाऊ वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षीं, खाजगी परवाना सतराव्या वर्षीं आणि व्यावसायिक परवाना अठराव्या वर्षीं मिळूं शकतो. व्यावसायिक परवान्यास दोनशें तासांचें उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी यांची आवश्यकता असते. आपल्या महाराष्ट्रांत गोंदियाजवळ बिरसी, तसेंच बारामती, शिरपूर येथें हें शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. खर्च कित्येक लाख रुपये येतो. वैद्यकीय तपासणींत मनाची अवस्थाही पाहतात; उमेदवाराच्या हातीं विमान व उतारू सुरक्षित राहतील कीं नाहीं, हा तेथील प्रश्न. स्वमग्नतेचें निदान झालें असल्यास तें लपवूं नये. लपवून मिळविलेला परवाना टिकत नाहीं, आणि दुसऱ्यांच्या प्राणांशीं तो खेळ होतो.

म्हणून पालकांस आमची पहिली सूचना ही, कीं शेत विकून किंवा कर्ज काढून फी भरण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तिचा निकाल काय लागेल तो लागो. पण तो आधीं कळलेला बरा. दुसरी सूचना, मुलास संगणकापुढून उठवून हळू हळू खऱ्या जगाची संवय लावावी. एकट्यानें दुकानांत जाणें, मोटारीच्या गर्दींत बसणें, अनोळखी मनुष्यास प्रश्न विचारणें, ठरलेला बेत मोडला तरी शांत राहणें, हीं कामें त्याच्यापुरतीं उड्डाणाइतकींच मोठीं आहेत. तिसरी सूचना, एकच दार ठोठावीत बसूं नये. विमानांची दुरुस्ती करणारे अभियंते, हवामानाचा अभ्यास करणारे, सिम्युलेटर तयार करणारे, नकाशे करणारे, हे सारे आकाशाचेच सेवक होत. २०२१ च्या नियमांप्रमाणें दहावी उत्तीर्ण झालेल्या अठरा वर्षांच्या तरुणास मान्यताप्राप्त संस्थेंत शिकून ड्रोन चालविण्याचें प्रमाणपत्र मिळवितां येतें. हिंगोलीकडील हळदीच्या व सोयाबीनच्या शेतांवर औषध फवारणारें यंत्र चालवावयासही तीच नजर आणि तोच हात लागतो.

कायद्यानेंही अशा मुलांस आधार दिलेला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकार सांगितले आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेंत अधिक वेळ व लेखनिक यांची सवलत मिळते. ती मागण्यांत कमीपणा नाहीं. चष्मा लावण्यांत जितका आहे तितकाच.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठीं. असा सोबती तुमच्या वर्गांत असेल तर त्याची नक्कल करूं नका, आणि त्याच्या कानाशीं मुद्दाम ओरडूं नका. एक दिवस त्याच्या घरीं जा, शेजारीं बसा, आणि म्हणा, “तूं विमान चालव, मी यादी वाचतों.” तुम्ही एकेक बाब वाचाल आणि तो उत्तर देईल. खऱ्या विमानांत दोन वैमानिक हेंच करतात. त्या अर्ध्या तासांत त्यास जें शिकावयास मिळेल तें कोणताही संगणक त्यास शिकवूं शकणार नाहीं. आणि दुसऱ्याचें मन निराळ्या रीतीनें चालूं शकतें, हें तुम्हांस कळेल.

मग वडिलांनीं त्या मुलास उत्तर काय द्यावें ? आम्हांस वाटतें, त्यांनीं असें म्हणावें : “बाळा, तें आज कोणासच सांगतां येणार नाहीं. डॉक्टर तपासतील, गुरुजी शिकवितील, आणि पुष्कळसें तुझ्यावर अवलंबून राहील. आपण एकेक पायरी चढून पाहूं. मी तुझ्याबरोबर आहें.” हें उत्तर खरें आहे, आणि त्यांत आशाही आहे. पतंग किती उंच जाईल हें वाऱ्यावर अवलंबून असतें. परंतु दोरी हातांत धरून उभें राहणें हें आपलें काम आहे.