बाबा प्रशिक्षक, मुलगा पिचर: लिटल लीगमधला पक्षपात

अमेरिकेतलं लहान मुलांचं बेसबॉल पालकांच्या जिवावर चालतं. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केलेल्या लिटल लीगमध्ये आजही बहुतेक प्रशिक्षक विनामोबदला राबणारे आईबाबाच असतात. तक्रारही जुनीच आहे: पिचर, शॉर्टस्टॉप या मोक्याच्या जागा प्रशिक्षकाच्या मुलाला, आणि इतरांच्या वाट्याला चेंडू क्वचितच येणारं उजवं आउटफील्ड. दर सामन्यात प्रत्येक मुलाला किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि एकदा फलंदाजी मिळावी, असा लीगचा नियम आहे. पण तो वेळ मोजतो, जागा नाही. पक्षपात याच फटीतून शिरतो.

यावर उत्तर येतं, की घरी रोज सराव करणारा मुलगा खरोखरच सरस असतो. असेलही. पण पिचिंगची संधीच न मिळालेला मुलगा सरस होणार कधी? हौशी खेळाचा हेतू शिकणं हा आहे, निवड चाचणी नव्हे. पालकांना दोष दिला तर प्रशिक्षकच मिळणार नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच उपाय माणसं हटवण्यात नाही, त्यांना घडवण्यात आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. इतरांची २६ टक्के. प्रशिक्षणाच्या जोडीला जागांची पाळीही हंगामाआधीच लेखी ठरवा. अमेरिकेतल्या मराठी पालकांनो, आपल्या लीगकडे हा आग्रह जरूर धरा.