मेल मर्ज

मेल मर्ज ही शब्दप्रक्रिया सॉफ्टवेअरमधील एक सुविधा आहे. तिच्या साहाय्याने स्प्रेडशीटमधील तक्त्यातली माहिती आधी तयार केलेल्या मजकुराच्या साच्यात भरली जाते आणि तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे एक स्वतंत्र, छापण्याजोगा कागद तयार होतो. निमंत्रणपत्रे, पाकिटांवरील पत्ते, वेतनचिठ्ठ्या, गुणपत्रके, प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचे दाखले अशा कामांसाठी ती वापरली जाते. नावात 'मेल' असले तरी टपालाशी तिचा संबंध आता बराचसा नावापुरता उरला आहे.

इतिहास

मायक्रोप्रो या कंपनीच्या वर्डस्टार (१९७८) या सॉफ्टवेअरला जोडून वापरावयाच्या एका पूरक भागाचे नाव 'मेलमर्ज' असे होते. पुढे तेच नाव या प्रक्रियेला रूढ झाले. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क १९७९ मध्ये आले आणि वैयक्तिक संगणकावर स्प्रेडशीटचा प्रसार सुरू झाला. आज या कामासाठी वर्ड व एक्सेल ही मायक्रोसॉफ्टची जोडी, तसेच लिब्रेऑफिसमधील रायटर व कॅल्क ही मुक्त सॉफ्टवेअरची जोडी प्रचलित आहे.

रचना

प्रक्रियेचे तीन घटक असतात: साचा, माहितीचा तक्ता आणि दोहोंच्या मिलनातून निघणारा दस्तऐवज. तक्त्याच्या पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके असावी लागतात आणि त्याखालील प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद असते. शीर्षकाच्या वर संस्थेचे नाव लिहिलेले असल्यास किंवा चौकटी एकमेकींत विलीन केलेल्या असल्यास सॉफ्टवेअरला रकाने ओळखता येत नाहीत. वर्डमध्ये 'मेलिंग्ज' या विभागातून तक्ता जोडून साच्यात हव्या त्या जागी फील्ड घालतात. ते «नाव» असे दुहेरी कोनी चिन्हांत दिसते. लिब्रेऑफिसमध्ये तक्त्याची प्रथम माहितीस्रोत म्हणून नोंदणी करावी लागते. एका कागदावर अनेक नोंदी हव्या असतील, उदाहरणार्थ पत्त्यांच्या चिकटपट्ट्या, तर दोन नोंदींमध्ये 'पुढील नोंद' हे फील्ड घालतात. ते राहून गेल्यास संपूर्ण पानावर एकच पत्ता छापला जातो.

मूल्य आणि रूप

स्प्रेडशीटच्या चौकटीत दिसते ते आणि साठवलेले असते ते एकच असेल असे नाही. वर्डमध्ये जाते ते सहसा साठवलेले मूल्य. चौकटीला दिलेले दशांशस्थळांचे बंधन, रंग किंवा फॉण्ट मागेच राहतो. त्यामुळे तक्त्यात ८७.६ दिसणारी टक्केवारी कागदावर ८७.५९९९९९९९९९९९९९४ अशी उमटू शकते. संख्या द्विमान पद्धतीने साठवल्या जात असल्यामुळे हे घडते. त्यावर दोन उपाय आहेत: फील्डला संख्येचे रूप नेमून देणे, किंवा तक्त्यातच 'टेक्स्ट' या सूत्राने हवे तसे रूप मजकूर म्हणून तयार करून तो रकाना जोडणे. दुसरा उपाय समजायला सोपा असून तारखांनाही लागू पडतो.

एक्सेल तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यास ०५/०६/२०१४ असे टंकलेली ५ जून ही तारीख ६ मे म्हणून नोंदली जाते. १३ ते ३१ या तारखा मात्र महिना म्हणून बसत नसल्याने मजकुराच्या रूपात जशाच्या तशा राहतात. वर्गातील काहींच्याच जन्मतारखा उलटतात आणि म्हणूनच चूक चटकन नजरेस येत नाही. दाखल्यावरील जन्मतारीख पुढे अनेक ठिकाणी पुरावा म्हणून दाखवली जाते, हे ध्यानात घेता ही चूक किरकोळ नव्हे. तारखेचे रूप वर्डच्या फील्डमध्येच नेमताना महिन्यासाठी रोमन 'एम' मोठ्या लिपीतले लागतात; लहान लिपीतले 'एम' मिनिटे दर्शवतात.

गुणांच्या रकान्यात संख्येबरोबर 'गैरहजर' असा शब्द असल्यास याहून गंभीर प्रकार घडतो. एक्सेलचा तक्ता वाचणारा दुवा सुरुवातीच्या काही (मूलतः ८) ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवतो. त्या ओळींत संख्याच असतील, तर पुढे येणारा 'गैरहजर' हा शब्द शून्य किंवा रिकामी जागा म्हणून छापला जाऊ शकतो. आजारपणामुळे परीक्षेस न बसलेला विद्यार्थी आणि शून्य गुण मिळालेला विद्यार्थी यांतील फरक त्यामुळे पुसला जातो. संपूर्ण रकाना आरंभापासून मजकूर स्वरूपात ठेवणे हाच यावर खात्रीचा उपाय. '००४५' सारख्या नोंदणी क्रमांकातील आरंभीची शून्ये आणि १६ अंकी बँक खाते क्रमांकही त्यानेच वाचतात. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते आणि सोळाव्या जागी शून्य घालते.

मराठी मजकुरातील प्रश्न

मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दाचे सामान्यरूप होते. 'पुणे' या शब्दाचे 'पुण्यात' होते, 'सातारा'चे 'साताऱ्यात'. साच्यात गावाच्या फील्डपुढे 'त' हा प्रत्यय लिहिल्यास 'पुणेत', 'सातारात' अशी अशुद्ध रूपे छापली जातात. म्हणून 'पुणे येथे', 'श्री. गोखले यांना' अशी रचना करतात. कार्यालयीन आणि रुक्ष म्हणून हिणवली जाणारी ही वाक्यरचना येथे मात्र व्याकरण सांभाळते.

क्रियापदाचे लिंगही सांभाळावे लागते. सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांवर 'झाला/झाली' असे छापून नको तो शब्द खोडला जाई. मेल मर्जमध्ये 'जर–तर' स्वरूपाचे फील्ड लिंगाच्या रकान्यावरून 'चि.' किंवा 'कु.', 'झाला' किंवा 'झाली' यांतील योग्य शब्द निवडते. तरीही अनेक छापील कागदांवर ती तिरपी रेघ अद्याप टिकून आहे.

अक्षरी जन्मतारखेसाठी तयार सुविधेवर विसंबता येत नाही. मराठीतील १ ते ९९ या संख्यांची नावे साध्या नियमात बसत नाहीत ('एकोणसाठ', 'एकसष्ट', 'त्रेसष्ट'), म्हणून त्यांची यादी वेगळ्या पानावर करून 'व्हीलुकअप' या सूत्राने योग्य शब्द आणतात.

जुन्या फॉण्टांत टंकलेल्या तक्त्यांची अडचण वेगळी आहे. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या पद्धतींच्या जुन्या फॉण्टांत देवनागरीची आकृती दिसत असली तरी साठवलेले संकेत देवनागरीचे नसतात. फॉण्ट साच्यात येत नसल्याने नावांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हांचा गोंधळ उमटतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावे लागतात. युनिकोड मजकूर साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडल्यास ती सुरक्षित राहतात.

पडताळणी

मिलनाचा परिणाम थेट मुद्रकाकडे न पाठवता आधी नव्या दस्तऐवजात उतरवून पाहिला जातो. सरसकट पहिली पाच पाने पाहण्याऐवजी अडचणीच्या नोंदी निवडणे अधिक उपयुक्त ठरते: सर्वांत लांब नाव, रिकामी चौकट असलेली ओळ, गैरहजर विद्यार्थी, १२ तारखेपूर्वीचा एक जन्मदिनांक व त्यानंतरचा एक, आणि शेवटची नोंद. छापील प्रत पडद्यावरील तक्त्याशी नव्हे, तर तक्ता ज्यावरून भरला त्या मूळ नोंदवहीशी ताडून पाहतात.