भाग ३१ : नवी गाडी, मायलेज आणि कोटेशनचा कागद

मागच्या भागात बोललो होतो ना, की ताईच्या गाडीचा किस्सा सांगेन. तर आजचा भाग त्यावरच. ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना : आज आकडे जरा जास्त आहेत, म्हणून सगळं खाली लिहूनही देतोय. बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तर नंतर निवांत वाचा.

आमची ताई वाघोलीला राहते आणि रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करते. कंपनीची बस बंद झाली. मग काही महिने कुणाच्या तरी गाडीत शेअरिंग, कधी रिक्षा, कधी एसटी, आणि रात्रीच्या पाळीला आई जागी. शेवटी ताई म्हणाली, बास, गाडी घ्यायची. पाच वर्षं साठवलेले तीन लाख रुपये होते, बाकीचं कर्ज. म्हणजे हौसेची गाडी नव्हती ती. चुकलं असतं तर पुढची पाच वर्षं हप्ता भरताना आठवण आली असती.

आता पहिला प्रश्न मायलेजचा. तो शोरूममध्ये सोडवायचा नसतो, घरी सोडवायचा असतो. जाहिरातीत जो आकडा असतो तो एआरएआयच्या चाचणीचा. ही संस्था आपल्या पुण्यातच आहे; कोथरूडची मंडळी सकाळी फिरायला जातात ती एआरएआय टेकडी हिच्याच नावाची. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या क्रमानं वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. त्यात नगर रोडचा ट्रॅफिक नाही, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत, एसीही बंद. त्यामुळे तो आकडा खोटा नसतो, पण तो तुमचाही नसतो. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला उत्तम. खिशाचा हिशोब करायला मात्र त्यातून पाव हिस्सा वजा करा, असा माझा अंदाज.

उदाहरण घेऊ. नव्या डिझायरचा कंपनीनं सांगितलेला आकडा मॅन्युअल पेट्रोलला लिटरमागे २४.७९ किलोमीटर आणि सीएनजीला किलोमागे ३३.७३. मी हिशोबासाठी पेट्रोलला १८ आणि सीएनजीला २५ धरले. पेट्रोल १०४ रुपये, सीएनजी ९० रुपये धरा. (तुमच्या पंपावरचा भाव घाला, उत्तर थोडं बदलेल.) पेट्रोलवर किलोमीटरला ५ रुपये ७८ पैसे पडतात, सीएनजीवर ३ रुपये ६० पैसे. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला २ रुपये १८ पैसे वाचतात.

आता सीएनजी मॉडेल महाग असतं. समजा पेट्रोल आठ लाख, सीएनजी आठ लाख नव्वद हजार, एक्स-शोरूम. फरक ९० हजार. इथे बहुतेक जण थांबतात आणि ९० हजारला २.१८ नं भागतात. पण थांबा, आपण महाराष्ट्रात आहोत. इथे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, आणि सीएनजीला ८ टक्के. (आधी ७ होता, २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात एक टक्का वाढवला.) पेट्रोलच्या गाडीचा टॅक्स झाला ८८ हजार, सीएनजीचा ७१,२००. म्हणजे खरा फरक ९० नाही, ७३ हजारांच्या आसपास. भागाकार करा : साधारण साडेतेहेतीस हजार किलोमीटर झाले की जास्तीचे पैसे वसूल.

ताईचं रोजचं जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. महिन्याला साडेसतराशे. एकोणीस-वीस महिन्यांत वसूल. तिला सीएनजीच, प्रश्नच नाही.

आणि मी? मी घरून काम करतो, महिन्याला पाचशे किलोमीटर झाले तरी खूप. मला साडेपाच वर्षं लागतील! वर सीएनजीच्या पंपावरची रांग, डिकीतली टाकी आणि दर तीन वर्षांनी त्या टाकीची करावी लागणारी तपासणी. मला स्वतःला सीएनजीची भारी हौस होती, कागदावर मांडल्यावर उतरली. डिकीचं म्हणाल तर टाटानं २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवायला सुरुवात केली, नंतर ह्युंदाईनंही केलं. गावाला सामान नेणाऱ्यांनी ते बघून घ्यावं. स्ट्राँग हायब्रिडबद्दल बऱ्याच जणांनी मेसेज केले होते. शहरातल्या रखडत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ती खरंच कमी पिते, पण तिथेही हाच भागाकार करा, कारण किमतीतला फरक लाखांत असतो.

बरं, गाडी ठरली. आता शोरूम.

शोरूमचं नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही. आत गेल्या गेल्या पाणी, कॉफी, आणि सेल्सचा मुलगा खरोखर गोड बोलणारा. "मॅडम, पंचवीस हजार डिस्काउंट देतोय, पण आजच बुक करावं लागेल, उद्या स्कीम बंद." ताई माझ्याकडे बघायला लागली. पेन तिच्या हातात होतं. मी म्हटलं, आधी कोटेशन प्रिंट करून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ नको, एकेका गोष्टीची किंमत वेगळी लिहिलेला कागद.

कागद आला. एक्स-शोरूम किमतीत घासाघीस नसतेच म्हणा, ती कंपनी ठरवते आणि शहरातल्या सगळ्या डीलरकडे जवळपास सारखी असते. आरटीओचा टॅक्स सरकारी. गंमत त्याच्या खाली सुरू होते. "बेसिक किट" १८,५००. "हँडलिंग" ६,५००. बेरीज करा. पंचवीस हजार! म्हणजे डाव्या हातानं दिलेली सूट उजव्या हातानं परत घेतलेली. ताईनं पेन खाली ठेवलं ते तेव्हा.

किट म्हणजे काय तर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, एक परफ्यूम आणि स्टीलच्या दोन पट्ट्या. यातलं काहीही घेणं बंधनकारक नाही. हँडलिंगचं मी एवढंच विचारलं, "याची जीएसटीसकट वेगळी पावती मिळेल का? नक्की कुठली सेवा ते त्यावर लिहून द्या." तो मुलगा मॅनेजरकडे गेला, पाच मिनिटांनी आला, ओळ गायब. भांडण नाही, आवाज नाही. नंबरप्लेटचे वेगळे पैसे मागितले तरी हाच प्रश्न विचारा. १ एप्रिल २०१९ पासून हाय सिक्युरिटी नंबरप्लेट गाडीसोबतच येते.

सगळ्यात मोठी ओळ विम्याची, ४८,५००. इथे नीट ऐका, कारण सूट म्हटलं की आपण डिस्काउंटच्या ओळीकडे बघतो आणि पैसे जातात विम्याच्या ओळीतून. विमा डीलरकडूनच घ्यायचा अशी सक्ती नाही, कुणाकडूनही घेता येतो. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्याचा दर ठरलेला, त्यात कुणी फार कमी-जास्त करू शकत नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि वरच्या झिरो डेप वगैरे अ‍ॅड-ऑनमध्ये. हा भाग एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो.

तिथेच सोफ्यावर बसून मी मोबाइलवर दुसरं कोट काढलं. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर मिळणारी रक्कम, दोन्हीकडे सारखी ठेवा. अ‍ॅड-ऑनही तेच ठेवा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्क्यांच्या आसपास असते. ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे, ऑनलाइनवालेही करतात. सगळं सारखं ठेवून मला ३६ हजारांचं कोट मिळालं. ते दाखवल्यावर डीलर ३७ वर आला. त्याच्याकडूनच घेतला, कारण क्लेमच्या वेळी त्याच्याच वर्कशॉपला गाडी जाणार. हजार रुपये जास्त गेले, जाऊ देत.

मग कर्ज. "मॅडम, फक्त पाच टक्के व्याज!" ताईच्या बँकेनं नऊ सांगितले होते. ऐकायला पाच कुठे, नऊ कुठे. पण शोरूमचे पाच टक्के "फ्लॅट" होते. म्हणजे सहा लाखांवर पाच वर्षं, दरवर्षी पूर्ण सहा लाखांवरच व्याज, तुम्ही निम्मं कर्ज फेडलं असलं तरी. व्याज दीड लाख, हप्ता १२,५००. बँकेचे नऊ टक्के "रिड्युसिंग", म्हणजे जेवढं कर्ज उरलंय तेवढ्यावरच. हप्ता १२,४५५, एकूण व्याज १,४७,३००. नऊ टक्केवालं कर्ज स्वस्त! मोबाइलवर ईएमआय कॅल्क्युलेटर उघडून मी ताईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, मी बारावीला गणितात नव्वद काढले होते, तरी फसले असते." म्हणून टक्के विचारू नका. हप्ता किती, किती महिने, प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे चार आकडे विचारा आणि गुणाकार करा.

एक सूट मात्र कुणी आपणहून सांगितली नाही. ताईची कंपनी त्यांच्या कॉर्पोरेट यादीत होती. ओळखपत्र दाखवल्यावर चार हजार कमी झाले. तुम्ही नोकरीला असाल तर विचाराच. दहा लाखांवरची गाडी असेल तर कोटेशनमध्ये एक टक्का टीसीएस दिसेल. तो खर्च धरू नका, रिटर्न भरताना वळता होतो. एक्स्टेंडेड वॉरंटी ताईनं ठेवली, तिचं रनिंग बघता मलाही ते पटलं.

घरी येऊन बेरीज केली. पहिल्या कागदापेक्षा साडेचाळीस हजार कमी. मॅट फुकट मिळाले ते वेगळेच. आणि "उद्या बंद" होणारी स्कीम? आम्ही चार दिवसांनी बुक केलं, स्कीम तशीच होती.

वेळेबद्दल थोडं. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवसांत गाडी घरी आणायला सगळ्यांनाच आवडतं, आईलाही. पण त्या दिवसांत डीलरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, मग तो सूट कशाला वाढवेल? पितृपंधरवड्यात शोरूम ओस असतात. तेव्हा बोलणी करून, भाव लिहून घेऊन, डिलिव्हरी घटस्थापनेला घेतली तर आईही खूश. २०२५ मध्ये तर असा योग आला की २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ होता आणि वर उपकर. थांबलेल्यांची चांदी झाली. महिनाअखेर आणि वर्षअखेर टार्गेटची घाई असते, तेव्हाही बोलणी सोपी जातात.

आणि वर्षअखेरीवरूनच आता माझी चूक सांगतो. आम्ही गाडी घेतली जानेवारीत. मी कागदातली ओळ न् ओळ तपासली, गाडीवर ओरखडे बघितले, टायर बघितले, किती किलोमीटर चाललीय ते बघितलं. पुढे आरसी आली, त्यावर उत्पादनाचा महिना : ऑक्टोबर. म्हणजे गाडी मागच्या वर्षीची. चालायला काहीही फरक नाही. पण विकताना पहिला प्रश्न "कुठल्या वर्षाची?" हाच येतो. तशी गाडी घ्यायला हरकत नसते, पण मग त्याची सूट वेगळी मागायची असते, आणि ती मी मागितलीच नाही. ताईनं मला एका शब्दानं बोललं नाही, ते जास्त लागलं.

तर तुम्ही काय करायचं : पूर्ण पैसे भरण्याआधी आपल्याला मिळणाऱ्या गाडीचा चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लेखी मागायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. विम्याच्या पॉलिसीवर वर्ष असतं, फॉर्म २१ म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर महिना आणि वर्ष दोन्ही असतात. बुकिंगची रक्कम खात्यातूनच द्या, रद्द केलं तर किती परत मिळेल ते पावतीवर लिहून घ्या.

ताई आता दर वेळी टाकी भरली की किलोमीटर आणि किलो फोनमध्ये लिहून ठेवते. शेवटच्या दहा भरण्यांची सरासरी काल पाठवली : २६.२. मी धरलेल्या पंचवीसपेक्षा बरी. रांजणगावच्या पाळीला आता आई जागी राहत नाही, पण गाडी पार्क झाल्याचा मेसेज येईपर्यंत झोपतही नाही.

तुमच्याकडे कोटेशनचा कागद असेल तर डीलरचं नाव आणि फोन नंबर खोडून फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन बसू.