सराई, डाकबंगला आणि शिंदीचं दुकान

जालन्यात इंग्रजांची छावणी होती, तेव्हा रस्त्याकडेला एखादी इंग्रजी थाटाची मद्यशाळाही असणारच, असं सहज गृहीत धरलं जातं. खाली पिण्याची बैठक, वर निजायच्या खोल्या, मागे घोड्यांचा तबेला. विलायती सिनेमांनी हे चित्र इतकं पक्कं बसवलंय की रस्त्यालगत जुनी दगडी कमान दिसली की डोक्यात तेच येतं. जालन्याच्या इतिहासात मात्र ते कुठेच बसत नाही.

मुळात जालना इंग्रजांच्या मुलखात नव्हतंच. इथे १९४८ पर्यंत राज्य होतं निजामाचं. इंग्रज आले ते लढाईच्या निमित्ताने. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला भोकरदनच्या बाजूला असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. छावणी वसली त्यानंतर, १८२० च्या दशकात. पुढे तिथे हैदराबाद कंटिन्जंट होतं. म्हणजे खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि शिपाई बहुतेक सगळे हिंदी. मूठभर गोरे अधिकारी प्यायचे ते आपल्या मेसमध्ये. रस्त्यावरच्या विलायती मद्यशाळेला रोजचं गिऱ्हाईक मिळणार तरी कुठून? असली दुकानं खरोखर चालली ती मुंबईच्या बंदराजवळ, जिथे जहाजं लागत आणि खलाशी उतरत.

मग वाटसरू उतरत कुठे? सराईत. आणि सराई ही काही इंग्रजांची देणगी नव्हे. जालन्याची काळी मशीद, हमाम आणि सराई हा सगळा कारभार जमशेदखानाच्या नावाशी जोडलेला आहे. इंग्रजांच्या कितीतरी आधीचा. गावाच्या पश्चिमेचा मोती तलावही त्याचाच. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत आणलं होतं आणि त्यातला सर्वांत मोठा हौद होता सराईच्या चौकात. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा हौद. दिवसभर धूळ खात आलेल्या माणसाला आणि त्याच्या बैलांना आधी काय लागतं, याचा विचार करून बांधलेली ती जागा होती.

सराईत खायला-प्यायला काय मिळे, हे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच्या सतराव्या शतकातल्या प्रवासवर्णनावरून कळतं. त्याने पाहिलेल्या साध्या सराया म्हणजे भिंतीचं नाहीतर कुंपणाचं आवार आणि आत पन्नास-साठ गवताने शाकारलेल्या झोपड्या. तिथली बायामाणसं पीठ, तांदूळ, लोणी, भाजी विकत, सांगितलं तर भाकरी भाजून, भात शिजवून देत, झोपडी झाडून खाट टाकून देत. या यादीत दारू नाही.

दुसरा घोळ डाकबंगल्याचा. त्याला लोक इंग्रजांचं हॉटेल समजतात. तो सरकारी विसावा होता, मुख्यतः दौऱ्यावरच्या साहेबांसाठी. इंग्रजी मुलखातला सर्वसाधारण दर माणशी दिवसाला एक रुपया. वहीत नाव लिहायचं, आणि चोवीस तास झाल्यावर नवा पाहुणा आला तर मुकाट्याने खोली सोडायची. जेवण खानसाम्याच्या मर्जीवर. साहेबाची पालखी लांबून दिसली की आवारात कोंबड्यामागे धावाधाव सुरू व्हायची आणि तासाभरात तोच चिवट कोंबडा ताटात यायचा. बाटली बहुधा ज्याची त्याने सोबत आणायची.

आणि ‘दारू इंग्रजांनी आणली’ हे तर सरळ चूक. मोहाची आणि शिंदीची परंपरा जुनी. शिंदीची झाडं ओढ्याकाठी वाढतात. संध्याकाळी शेंड्याजवळ छेद देऊन मडकं बांधायचं आणि पहाटे उतरवायचं. पहाटेचा रस गोड असतो. ऊन चढेल तसा तो आंबत जातो आणि दुपारपर्यंत चांगला चढतो. असला माल लांब नेताही येत नाही आणि साठवताही येत नाही. म्हणून शिंदीचं दुकान झाडांच्या आसपास, गावाच्या कडेला. तिथे बसायचं, प्यायचं, उठायचं. मुक्कामाचा प्रश्नच नाही.

एकोणिसाव्या शतकात बदलला तो या धंद्यावरचा ताबा. पलीकडे मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि घरोघरचं गाळप गुन्हा ठरलं. निजामाकडे अबकारीचे मक्ते लिलावात जात, गुत्तेदार बोली लावून दुकानं चालवत आणि राज्याच्या तिजोरीत त्यातून भरघोस भर पडे. दारूबद्दल नैतिक गळा काढणारी दोन्ही सरकारं या उत्पन्नावर मात्र पाणी सोडायला तयार नव्हती.

थोडक्यात, निजणं सराईत, साहेबाचा मुक्काम डाकबंगल्यात, पिणं गुत्त्यावर. विलायती मद्यशाळेत जे एका छपराखाली नांदतं, ते इथे तीन ठिकाणी वाटलेलं होतं. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे जालन्यावरून गेली आणि लांब पल्ल्याच्या बैलगाड्याच कमी झाल्या. सराईची गरजही तिथूनच ओसरली.

लॉजिंग, जेवण आणि परमिट रूम ही तिन्ही कामं एकाच पाटीखाली आली ती मोटारींच्या जमान्यात, ढाब्यांच्या आणि हॉटेलांच्या रूपाने. त्यांचीही पुन्हा फाळणी झालीच: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने पुढच्या एप्रिलपासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद झाली. लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर ठेवलं गेलं आणि काही महिन्यांनी पालिका हद्दींना सूट मिळाली.